सुईलाही मन असतं : हान्स ख्रिश्चन अँडरसन यांचे जीवन



सहामाहीचे मराठीचे पेपर तपासायला घेतले की त्यात एक प्रश्न हमखास असतो, तो म्हणजे मनोगताचा. फळ्याचे मनोगत, फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त, मी नदी बोलतेय, शाळेच्या घंटेचे मनोगत. तीस-पस्तीस पेपर झाले की लक्षात येतं, फळा असो, छत्री असो की नदी असो, सगळ्यांची कहाणी एकच! माझा जन्म अमुक ठिकाणी झाला, मला एका मुलाने घरी आणलं, मी त्याची खूप सेवा केली, आता मी म्हातारी झाले, तरी माझी काळजी घ्या. वस्तूचं नाव बदललं की निबंध बदलला.

गेल्या वर्षी एका मुलीने मात्र घंटेच्या मनोगतात वेगळंच लिहिलं होतं. तिची घंटा म्हणत होती की मला रोज मारतात. सकाळी मारलं तर सगळे तोंड वाकडं करतात आणि संध्याकाळी मारलं तर आनंदाने ओरडत पळतात. मला लागतं का, हे मात्र कोणी विचारत नाही. बस्स, निबंध तिथेच संपला होता. जेमतेम दहा-बारा ओळी. मी लाल पेनाने खाली लिहिलं की शेवटी संदेश हवा होता, आणि दोन गुण कापले.

या सुट्टीत मी हान्स ख्रिश्चन अँडरसन यांच्या जीवनाबद्दल वाचत होते आणि मला तो लाल शेरा आठवला. का आठवला, ते शेवटी सांगते. आधी त्यांचं जीवन पाहू.

आपल्या ओळखीचा अनोळखी माणूस

अँडरसन हे नाव मुलांना माहीत नसेल, पण त्यांची गोष्ट माहीत असते. बदकांच्या तळ्यातल्या एकट्या पिल्लाचं, गदिमांनी लिहिलेलं आणि आशा भोसले यांनी गायलेलं गाणं आपल्यापैकी बहुतेकांनी बालवाडीत म्हटलेलं आहे. ती मूळ कथा डेन्मार्कच्या अँडरसन यांची. नवे कपडे घालून उघडाच मिरवणारा राजा त्यांचा, मटारच्या दाण्यामुळे झोप न लागणारी राजकन्या त्यांची, छोटी जलपरीही त्यांचीच.

व्याकरणात आपण चेतनगुणोक्ती अलंकार शिकवतो. निर्जीव वस्तूंना सजीव मानायचं आणि त्या माणसासारख्या वागतात असं वर्णन करायचं, की झाला अलंकार. पाठांतराला सोपा आहे. पण वस्तूला माणूसपण द्यायचं म्हणजे नेमकं काय द्यायचं, हे कळायला अँडरसन यांच्यासारखा दुसरा गुरू नाही. आणि ही विद्या त्यांना कोणत्या शाळेत मिळाली? खरं तर शाळेने ती काढूनच घ्यायचा प्रयत्न केला होता.

एका खोलीचं घर

हान्सचा जन्म 2 एप्रिल 1805 रोजी डेन्मार्कमधल्या फ्यून बेटावर, ओडेन्स या गावी झाला. वडील जोडे शिवायचे. आई लोकांचे कपडे धुवायची. नदीच्या थंडगार पाण्यात तासन् तास उभं राहून ती हे काम करी. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. घर म्हणजे एक खोली. त्यातच वडिलांचं कामाचं बाकडं, त्यातच चूल, त्यातच बिछाना. छपराच्या पन्हाळीपाशी मातीने भरलेली एक पेटी होती, तिच्यात आई थोडी भाजी लावायची. ही आईची बाग! पुढे 'हिमराणी'च्या कथेत अँडरसन यांनी ही बाग जशीच्या तशी लावली.

आईवडिलांच्या पलंगाचीही एक गोष्ट अँडरसन यांनी आत्मचरित्रात सांगितली आहे. कुणा सरदाराची शवपेटी ज्या लाकडी चौकटीवर ठेवली होती, ती चौकट वडिलांनी विकत आणली आणि तिचा पलंग बनवला. काळ्या कापडाच्या चिंध्या तिला अजून चिकटलेल्या होत्या म्हणे. हे किती खरं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण गोष्ट सांगणाऱ्याची नजर इथे दिसते. ज्या लाकडावर मेलेला सरदार ठेवला, त्याच लाकडावर पुढे जिवंत मूल झोपलं. म्हणजे लाकडालाही आधीचा जन्म असतो!

वडिलांना शिकायचं होतं, पण गरिबीमुळे जमलं नाही. ती हौस त्यांनी मुलावर भागवली. संध्याकाळी ते हान्सला अरबी सुरस कथा वाचून दाखवत, होल्बर्गची नाटकं वाचत, फ्रेंच लेखक ला फोंतेनच्या प्राणिकथा वाचत. इथे आपल्यासाठी एक गंमत आहे, बरं का. ला फोंतेनने 1678 साली आलेल्या आपल्या दुसऱ्या कथासंग्रहात पिल्पे नावाच्या भारतीय ज्ञानी पुरुषाचे ऋण मान्य केले आहे. त्या नावाने युरोपात पोचलेल्या कथांचं मूळ आपल्या पंचतंत्रात आहे. म्हणजे आपले कोल्हे आणि सिंह संस्कृतातून फारसीत, फारसीतून अरबीत आणि तिथून युरोपच्या भाषांत फिरत फिरत गेले होते, आणि त्यांचे दूरचे नातेवाईक त्या एका खोलीच्या घरातही डोकावून गेले असणार!

वडिलांनी हान्सला एक छोटंसं बाहुल्यांचं नाट्यगृह बनवून दिलं. हान्स एकटाच बसायचा, बाहुल्यांचे कपडे शिवायचा, सगळ्यांचे संवाद स्वतःच म्हणायचा. इतर मुलांत तो फारसा रमत नसे.

आजोबांच्या लाकडी बाहुल्या

हान्सच्या आजोबांचं मन ठिकाणावर नव्हतं. ते लाकडाच्या विचित्र आकृती कोरायचे. कुणा माणसाला प्राण्याचं डोकं, तर कुणा प्राण्याला पंख. टोपलीत भरून त्या ते खेड्यापाड्यांत न्यायचे आणि बायामुलांना द्यायचे. बदल्यात त्यांना खायला काहीबाही मिळायचं. गावातली पोरं त्यांच्या मागे ओरडत फिरायची. एकदा हे दृश्य पाहून हान्स घाबरून जिन्यामागे लपला. आपल्यातही तेच रक्त आहे ही भीती त्याला जन्मभर पुरली.

आजी मनोरुग्णांच्या दवाखान्यातली बाग सांभाळायची. हान्स तिच्याबरोबर जायचा. तिथे एका खोलीत गरीब म्हाताऱ्या सूत कातत बसलेल्या असत. हा पोरगा खडूने दारावर चित्रं काढून त्यांच्यासमोर मोठमोठी भाषणं ठोकायचा आणि त्या बदल्यात त्याला गोष्टी सांगायच्या. लोककथांचं पहिलं शिक्षण त्याला या चरख्यांच्या आवाजात मिळालं.

शाळेचा पहिला अनुभवही ऐकण्यासारखा आहे. मुलाला मारायचं नाही, अशी अट आईने शाळेत घालताना घातली होती. एक दिवस बाईंनी छडी मारली. हान्सने पुस्तक उचललं आणि सरळ घरी निघून आला. आईने त्याला दुसऱ्या शाळेत घातलं. निरक्षर आईचा हा निर्णय मला फार मोठा वाटतो.

नेपोलियनच्या युद्धकाळात वडील सैन्यात भरती झाले. परत आले ते खचूनच, आणि 1816 मध्ये वारले. हान्स तेव्हा 11 वर्षांचा होता.

नव्या बुटांचा आवाज

1819 साली धर्मदीक्षेच्या समारंभासाठी हान्सला पहिल्यांदा नवे बूट मिळाले. तो चर्चमध्ये चालला की ते करकर वाजायचे आणि त्याला भारी आनंद व्हायचा, कारण बूट नवे आहेत हे सगळ्यांना ऐकू जायचं! पण देवाच्या दारात आपलं लक्ष बुटांकडे आहे, याची त्याला टोचणीही लागली. जवळपास 25 वर्षांनी त्याच बुटांतून 'लाल बूट' ही कथा निघाली. एवढ्याशा गोष्टीतली लाज आणि अभिमान हा मुलगा विसरत नव्हता.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, वयाच्या 14 व्या वर्षी, साठवलेले 13 रिग्सडालर घेऊन तो एकटाच कोपनहेगनला गेला. त्याला नाटकात काम करायचं होतं. एका प्रसिद्ध नर्तिकेच्या घरी जाऊन त्याने बूट काढले, डोक्यावरची टोपी खंजिरीसारखी वाजवली आणि नाचून दाखवलं. तिला वाटलं, हा वेडा आहे. पुढे एका गायनशिक्षकाने त्याला आसरा दिला, पण वयात आल्यावर आवाज फुटला आणि गाणं संपलं. नृत्यातही जमलं नाही. नाटकं लिहून दिली, ती परत आली. अंग उंच आणि किडकिडीत, हातपाय लांब, नाक मोठं, कपडे आखूड. तीन वर्षं त्याने अशी काढली.

माइस्लिंग यांचा वर्ग

1822 मध्ये राजेशाही नाट्यगृहाचे एक संचालक योनास कोलीन यांना त्याच्यात काहीतरी दिसलं. त्यांनी राजाच्या मदतीने त्याच्या शिक्षणाची सोय केली आणि त्याला स्लॅगेल्स गावच्या शाळेत पाठवलं. कोलीन यांचे उपकार अँडरसन कधी विसरले नाहीत. पण हान्स तेव्हा 17 वर्षांचा होता आणि त्याला बसवलं अकरा-बारा वर्षांच्या मुलांबरोबर! बाकात पाय मावत नाहीत, लॅटिन येत नाही, भूगोल येत नाही.

मुख्याध्यापक होते सिमॉन माइस्लिंग. मोठे विद्वान, ग्रीक-लॅटिनचे जाणकार. पण वर्गात सगळ्यांसमोर हान्सची टर उडवणं हा त्यांचा परिपाठ होता. त्याच्या शरीराची, त्याच्या मंदपणाची, त्याच्या कवितांची. कविता लिहायला तर बंदीच होती. 1826 मध्ये शाळा बदलून ते हेल्सिंगोरला गेले आणि हान्सलाही घेऊन गेले. तिथे तो त्यांच्याच घरात राहायचा, म्हणजे शाळा सुटली तरी सुटका नाही.

त्याच वर्षी बंदी मोडून त्याने एक कविता लिहिली. एक मरणाच्या दारातलं मूल आईशी बोलतंय, अशी. तोपर्यंत मूल गेल्यावर शोक करणाऱ्या आईबापांच्या कविता पुष्कळ होत्या. इथे मूल स्वतः बोलत होतं. माइस्लिंग यांनी ती वाचून त्याची हेटाळणीच केली. ही कविता पुढच्या वर्षी छापली गेली आणि अनेक भाषांत गेली.

हान्सची सुटका कशी झाली, हे शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच शाळेतल्या एका तरुण शिक्षकाला हे सगळं बघवेना. त्यांनी कोपनहेगनला जाऊन कोलीन यांना खरी परिस्थिती सांगितली. कोलीन यांनी 1827 मध्ये हान्सला शाळेतून काढलं आणि खासगी शिकवणी लावून दिली. 1828 मध्ये, वयाच्या 23 व्या वर्षी, तो प्रवेश परीक्षा पास झाला. पण म्हातारपणीसुद्धा माइस्लिंग त्यांच्या स्वप्नात येत. जगभर नाव झालेला माणूस रात्री दचकून उठायचा आणि पुन्हा बाकावरचा मुलगा व्हायचा.

पहिली पुस्तिका आणि समीक्षकांचा लाल शेरा

8 मे 1835 रोजी अँडरसन यांची मुलांसाठी सांगितलेल्या कथांची पहिली छोटी पुस्तिका निघाली. तिच्यात चार कथा होत्या. त्यातली एक, 'छोट्या इडाची फुलं', त्यांनी स्वतः रचलेली होती. इडा ही त्यांच्या मित्राची मुलगी. फुलं का कोमेजतात, या प्रश्नाचं कथेतलं उत्तर असं, की ती रात्रभर नाचायला गेली होती म्हणून दमली आहेत!

समीक्षकांना हे आवडलं नाही. त्यांचे आक्षेप दोन होते. एक म्हणजे भाषा अशी बोलण्यासारखी कशी? पुस्तकात पुस्तकी भाषाच हवी. आणि दुसरा आक्षेप असा, की या गोष्टींत मुलांना बोध काय? एकाने तर अशा गोष्टींवर आणखी वेळ घालवू नये असंच सुचवलं.

एक माणूस मात्र ठाम होता. हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड. हो, तेच! तारेतून वीज वाहिली की शेजारची चुंबकसूची हलते, हे 1820 साली दाखवणारे शास्त्रज्ञ, ज्यांचं नाव आपण विज्ञानाच्या तासाला घेतो. अँडरसन यांची कादंबरीही त्याच वर्षी आली होती. कादंबरीने नाव होईल, पण अमर होशील तो या गोष्टींमुळे, असं त्यांनी अँडरसन यांना सांगितलं. अँडरसन यांना स्वतःला तेव्हा ते पटलं नव्हतं.

शिपाई हलत नाही

आता त्यांची खरी करामत पाहू. 1838 साली आलेली 'खंबीर शिपाई' ही कथा घ्या. एका जुन्या कथलाच्या चमच्यापासून 25 शिपाई ओतले. शेवटच्याला कथील कमी पडलं, म्हणून त्याला एकच पाय. समोर कागदाच्या महालात एक कागदाची नर्तकी. तिने एक पाय इतका वर उचललाय की शिपायाला तो दिसतच नाही. त्याला वाटतं, हिलाही माझ्यासारखा एकच पाय! प्रेम जडायला एवढं पुरतं.

पुढे तो खिडकीतून पडतो, मुलं त्याला कागदाच्या होडीत बसवून गटारात सोडतात, त्याला मासा गिळतो, तो मासा बाजारातून त्याच घरात येतो आणि शेवटी एक मुलगा त्याला उगाचच शेगडीत टाकतो. वाऱ्याच्या झोताने नर्तकीही उडून तिथेच येते. सकाळी राखेत काय सापडतं? कथलाचं एक छोटं हृदय.

मुलांना ही गोष्ट सांगितल्यावर एक प्रश्न विचारून पाहा. या सगळ्या प्रवासात शिपाई स्वतःहून किती पावलं चालला? एकही नाही! त्याला वारा पाडतो, मुलं उचलतात, पाणी नेतं, मासा गिळतो. कथलाचा तुकडा हलू शकत नाही, हा निसर्गनियम अँडरसन यांनी त्याच्या बाबतीत मोडला नाही. उलट त्या न हलण्यालाच त्यांनी खंबीरपणा केलं. खिडकीखाली मालक त्याला शोधत असतात. हाक मारली असती तर सापडला असता, पण गणवेशातल्या शिपायाने ओरडणं शोभत नाही, म्हणून तो गप्प राहतो. वस्तूचा जो दोष, तोच माणूस म्हणून त्याचा स्वभाव.

दुसरं उदाहरण रफू करायच्या जाड सुईचं. या बाई स्वतःला कपडे शिवायची नाजूक सुई समजतात. स्वयंपाकीण त्यांना चामड्याच्या सपातीत घालते, त्या मोडतात. डोक्यावर लाखेचा थेंब लावून त्यांची टाचणी करतात, तर यांना वाटतं आपण दागिना झालो. मोरीतून गटारात जातात, तिथे बाटलीच्या काचेचा तुकडा भेटतो. त्या त्याला हिरा समजतात आणि दोघंही एकमेकांना मौल्यवान मानतात. दोघांच्या गप्पा रंगतात! सुईचं ताठ असणं, टोक असणं, बारीक असण्याचा तोरा, हे सगळं सुईतूनच आलं आहे. या कथेत सुई काढून तिथे छत्री ठेवता येणार नाही. आमच्या मनोगतांत मात्र ठेवता येते. चूक तिथेच आहे.

मराठीत तर आपल्याला अर्धं काम आयतं करून मिळालंय. आपल्याकडे ती सुई, तो दाभण, ते भांडं. शब्द उच्चारला की वस्तू बाई, बुवा किंवा पोर होऊन समोर येते. डॅनिश भाषेत पुल्लिंग आणि स्त्रीलिंग असे नामांचे वेगळे गट उरलेले नाहीत. ज्याला हे आयतं मिळालं नाही, त्याने सुईची एवढी तोऱ्याची बाई केली!

पिल्लू आणि कोंबडीची परीक्षा

11 नोव्हेंबर 1843 रोजी 'कुरूप पिल्लू' प्रसिद्ध झालं. ही आपलीच कहाणी आहे, हे अँडरसन यांनी लपवलं नाही. या कथेतला एक भाग लहान मुलांच्या आवृत्त्यांत बहुधा गाळतात. पिल्लू एका म्हातारीच्या झोपडीत जातं. तिथे एक मांजर आहे आणि एक कोंबडी. मांजराला पाठीची कमान करता येते आणि गुरगुरता येतं. कोंबडीला अंडी घालता येतात. पिल्लाला विचारणा होते, यातलं तुला काय येतं? काहीच नाही? मग तू बोलायचंच नाही! पोहण्यात आनंद असतो असं पिल्लू म्हणतं, तर त्याला वेड्यात काढलं जातं.

हा माइस्लिंग यांचा वर्ग आहे. पण कोंबडी दुष्ट नाही, हे लक्षात घ्या. ती मनापासून त्याच्या भल्यासाठीच सांगत असते. तिच्याकडे मोजायला एकच माप आहे, इतकंच.

या कथेवर एक प्रश्न मुलंच विचारतात आणि तो टाळू नये. ते पिल्लू मुळात राजहंसाचं होतं म्हणून सुंदर झालं. खरोखरच बदकाचं, साधं, कुरूप पिल्लू असतं तर? याचं उत्तर कथेत नाही. पण पिल्लू राजहंसांकडे जातं ते आपण त्यांच्यातले आहोत हे कळून नाही. ते मला मारतील तर मारोत, पण या सुंदर पाखरांजवळ जायचंच, म्हणून जातं. ही हिंमत दाखवताना त्याच्या मनात ते अजून कुरूपच असतं.

याच पुस्तकापासून अँडरसन यांनी मुलांसाठी सांगितलेल्या हे शब्द मथळ्यातून काढून टाकले. गोष्ट मुलांना कळावी आणि शेजारी बसलेल्या मोठ्यांना काहीतरी विचार करायला मिळावा, असा त्यांचा बेत होता. पुढे ते मोठं होण्याच्या घाईत आजचा दिवस गमावणाऱ्या सुरूच्या झाडाबद्दल लिहीत राहिले, नोकरीच्या शेवटच्या रात्री उद्या आपलं काय होणार या काळजीत जळणाऱ्या रस्त्यावरच्या जुन्या दिव्याबद्दल लिहीत राहिले. निवृत्तीला आलेल्या कुठल्याही माणसाला तो दिवा ओळखीचा वाटेल.

दिव्यांनी उजळलेलं गाव

अँडरसन यांनी लग्न केलं नाही. ते खूप फिरले. आगीची इतकी भीती, की खिडकीतून उतरता यावं म्हणून प्रवासात दोर बाळगत. मनाने फार हळवे होते. कुणी टीका केली की रडू यायचं. पाहुणे म्हणून राहणं कधी कधी इतरांना जड जायचं. इंग्लंडचे चार्ल्स डिकन्स यांच्याकडे 1857 मध्ये ते पाच आठवडे राहिले आणि त्यानंतर त्या मैत्रीत दुरावा आला. थोर माणसांच्या चरित्रातून हा भाग आपण वगळू नये, असं मला वाटतं. मुलांना खरी माणसं समजली पाहिजेत.

गोष्ट सांगता सांगता ते हातातल्या मोठ्या कात्रीने कागद कापत राहायचे. गोष्ट संपली की कागद उलगडायचा आणि त्यातून नर्तकी, हंस, राजवाडे निघायचे. ही कागदकामं आजही जपून ठेवलेली आहेत. आजोबांच्या लाकडी आकृतींची मला इथे आठवण होते. एकाला पोरांनी वेडा म्हणून चिडवलं आणि दुसऱ्याभोवती पोरं गोळा होऊन बसली.

हान्स घर सोडून निघाला तेव्हा आईने एका जाणत्या म्हातारीला त्याचं भविष्य विचारलं होतं. एक दिवस या मुलासाठी ओडेन्स गावात रोषणाई होईल, असं तिने सांगितलं होतं, ही त्यांनीच सांगितलेली आठवण. 6 डिसेंबर 1867 रोजी ओडेन्सने त्यांना मानाचं नागरिकत्व दिलं आणि गावभर दिवे लागले. त्या संध्याकाळी अँडरसन यांची दाढ भयंकर ठणकत होती! आई मात्र हे बघायला नव्हती. ती 1833 मध्ये, मुलगा परदेशात असताना, गेली होती.

4 ऑगस्ट 1875 रोजी कोपनहेगनजवळ, मित्राच्या घरी त्यांचं निधन झालं. त्यांचा पुतळा करायचं त्यांच्या हयातीतच ठरलं होतं. आराखड्यात त्यांच्या अंगाखांद्यावर मुलं दाखवली होती. अँडरसन यांना ते मुळीच पटलं नाही, कारण आपण फक्त मुलांचे लेखक नाही असं त्यांचं म्हणणं होतं. आज कोपनहेगनच्या बागेतल्या त्या पुतळ्याभोवती मुलं नाहीत. त्यांचा जन्मदिवस 2 एप्रिल हा 1967 पासून आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन म्हणून साजरा होतो.

वर्गात काय करता येईल?

मी यंदा ठरवलेल्या तीन गोष्टी सांगते.

1. मनोगत लिहिण्याआधी ती वस्तू मुलांच्या हातात द्यायची. तिला काय करता येतं आणि काय करता येत नाही, हे दोन रकान्यांत लिहायला सांगायचं. स्वभाव बहुतेक वेळा दुसऱ्या रकान्यातून निघतो.

2. लिहून झालं की वस्तूचं नाव झाकायचं आणि शेजारच्याने ओळखायचं. ओळखता आलं नाही, तर ते मनोगत अजून त्या वस्तूचं झालेलं नाही.

3. शेवटी संदेशाची सक्ती करायची नाही. मूल वस्तूच्या तोंडून काय बोलतंय, हे आधी ऐकायचं. स्वतःच्या नावाने जे बोलायची हिंमत होत नाही, ते मुलं घंटेच्या नावाने बोलतात. अँडरसन यांनी जन्मभर तेच केलं.

आता त्या लाल शेऱ्याबद्दल. भाषा अशी का आणि बोध काय, हे विचारणारे 1836 सालचे समीक्षक वाचताना मला हसू आलं होतं. मग आठवलं की मीही तेच विचारलं होतं. आणि कोंबडीसारखंच, अगदी तिच्या भल्यासाठी.

ती मुलगी आता पुढच्या वर्गात आहे. परवा मधल्या सुट्टीत तिला गाठलं आणि घंटेचा तो निबंध आठवतो का, असं विचारलं. ती ओशाळली. तिला वाटलं, मी पुन्हा रागावणार. मग तिने मोठ्या उत्साहाने सांगितलं, की नंतर तिने गाईडमधला घंटेचा निबंध पाठ केला होता आणि वार्षिक परीक्षेत तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले.

ते गुणही मीच दिले होते.